धाकटीचा प्रश्न

लस टोचून घ्यायच्या रांगेत माझ्यापुढे एक बाई होत्या. सोबत परदेशी निघालेला मुलगा आणि ऐकू न येणारी धाकटी मुलगी.

"परवा चर्चमध्ये तिकडच्या भाषेत प्रार्थना केलीस, कुठे अडखळला नाहीस."

"दीड वर्ष घोकतोय, आई. मिशनरी म्हणून जायचं तर लोकांशी त्यांच्याच भाषेत बोलायला हवं."

"खरंय."

"ही मघापासून हातांनी काय विचारतेय?"

"तुलाच विचारतेय."

"सांग ना."

"लहानपणापासून तुझं तिला, तिचं तुला मीच सांगत आलेय. म्हणते, आई तर इथेच राहणार, मग तिकडे दादाचं बोलणं लोकांना कोण सांगेल?"

मुलगा बहिणीकडे वळला.

"रांग सरकली, चल पुढे."

"आई, 'चुकलं माझं' हे हातांनी कसं सांगतात?"

"तिलाच विचार."