शिगेची गाडी

सन्माननीय अध्यक्ष प्राध्यापक मोनाकेझी, मंत्रालयातून मुद्दाम आलेले प्रमुख पाहुणे श्री. पाल्लोत्ता, ज्यांच्यासाठी आपण जमलो ते सेत्तीमिओ क्रुचानेल्ली सर, आणि माचेरातातल्या या लॅटिन कोशालयाच्या मित्रहो,

अंगणातून येताना पाहुण्यांच्या बुटांचं जे झालं, त्याकडे मी शेवटी येते.

मी सरांची विद्यार्थिनी. आज संचालक आहे, पण सर मला अजून 'पोरी' म्हणतात. आमचा 'प'चा खंड तयार आहे. तो अडलाय एका शब्दावर. प्लाउस्त्रुम. म्हणजे गाडी. बैलगाडी म्हणा, सामानाची म्हणा. काय कठीण आहे यात?

सर म्हणाले, आकाशातही आहे. उत्तरेकडचे सात तारे, तेही प्लाउस्त्रुमच. बरं, लिहा. मग म्हणाले, जुन्या नाटकात एक जण बोंबलतो, माझी गाडी उलटवलीस, म्हणजे माझा सत्यानाश केलास. तेही लिहा, सर. या शब्दापायी माझी गाडी कधीच उलटलेली आहे.

उरला एक अर्थ: गाडीभर, हे माप. गाडीभर लाकूड, गाडीभर खत. सर थांबले ते इथे. काठोकाठ, की शीग लावून? मी म्हटलं, दोन्ही लिहा. सर म्हणाले, "दोन्ही लिहिणं म्हणजे माहीत नसणं, पोरी." त्यांनी जुनी गाडी आणून अंगणात उभी केली. ती तिथेच आहे. माझी मोटार तेव्हापासून रस्त्यावर असते. मी घाई केली की ऐकवायचे, घाई गाडीवानाला असते, बैलाला नसते.

आपल्या संस्थापकांचा नियम सर्वांना ठाऊक आहे. नोंद ज्याने लिहिली, सही त्याचीच. तो सही न करता निवृत्त झाला, तर शब्द पहिल्यापासून पुन्हा लिहायचा. आणि श्री. पाल्लोत्तांनी सौजन्याने, पण स्पष्ट कळवलंय: खंड यंदा निघाला नाही, तर कोशालयाला कुलूप. सरांची नोकरी आज संपते. आमची कधी संपणार, हेही आजच ठरेल.

म्हणून सर, आम्ही तुम्हाला निरोपाचं घड्याळ दिलेलं नाही. ग्रंथपाल फियोरेंत्सा आणि मी सकाळी गाडी भरली. शेणखतानं. शीग लावून.

सर काहीतरी विचारताहेत. जरा मोठ्यानं, सर.

"ओढल्यावर शीग राहिली का?"

मला वाटलंच होतं. तुम्ही विचारणार हे ओळखून आम्ही सगळ्यांनी मिळून ती अंगणभर ओढली. शीग राहिली नाही. सांडली ती दारापासून पायऱ्यांपर्यंत. पोचलं ते काठोकाठ. लाकडाचं काय, हे कृपा करून विचारू नका.

नोंदीचा कागद इथे आहे. पेनही आहे. सभागृह थांबायला तयार आहे.

सर उठले. अध्यक्ष महोदय, त्यांना जरा हात द्या. नाही सर, दाराकडे नाही. इकडे, टेबलाकडे. खाली जाऊन बघायचंय? आधी? बरं.

मित्रहो, मंडळी, सगळेच चला. पेन मी घेते, कागद फियोरेंत्सा घेईल. आपण आलात, ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला. बुटांचंही. पायऱ्यांवर सांभाळून उतरा. गाडीच्या काठावर कागद ठेवून सही करता येते, हे मी सकाळीच पाहून ठेवलंय.