पाण्यावर गेलेल्याचं नाव

प्रणित : दाबू नका! मॅडम, माऊसवरचा हात काढा आधी.

मैथिली : केवढ्याने ओरडलास! पेणच्या बाजारापर्यंत गेला असेल आवाज. झालं काय?

प्रणित : तुमी बान त्या वाळूच्या घड्याळावर नेलात. ते दाबला का आपली पाळी संपते.

मैथिली : मला माहीत आहे ते. आपली पाळी संपली की शत्रूची येते, तो त्याचे राक्षस हलवतो, मग पुन्हा आपण. गणपतीपासून दर रविवारी आपण दुसरं काय करतोय?

प्रणित : आज नको.

मैथिली : अरे, फोन येईपर्यंत तुझं मन कुठेतरी गुंतावं म्हणून खेळ उघडला मी. सकाळपासून दारात उभा आहेस, आता दुपार झाली. चहासुद्धा तसाच राहिलाय.

प्रणित : मन कसला गुंततंय. कालच्या भरतीला बापसाची मालाची बार्ज धरमतरच्या जेटीला लागायला पायजे होती. वायरलेसवर उत्तर नाय. बापूस आत दर्यात हाय, आनि मी हितं एसीत बसून राक्षस मारू?

मैथिली : जेटीवरचा क्लार्क इथेच फोन करणार आहे ना?

प्रणित : दिनानाथ? व्हय. गावात फोन नाय म्हनून तुमच्या क्लासचा नंबर दिलाय त्याला. पन मॅडम, आधी स्क्रीन बघा. आपला जहाज कुठं हाय?

मैथिली : समुद्रात.

प्रणित : मागच्या रविवारी कुठं सोडला होता?

मैथिली : किल्ल्याखाली. बंदराला लावून ठेवलं होतं.

प्रणित : मग आत कोनी नेला?

मैथिली : सकाळच्या बॅचची पोरं खेळली असतील. टायपिंग शिकायला येतात आणि दुसरंच काहीतरी उघडून बसतात.

प्रणित : सीडी घातल्याबिगर चालतो ह्यो खेळ?

मैथिली : नाही.

प्रणित : सीडी कुठं होती आठवडाभर?

मैथिली : रोह्याला. माझ्या घरी, कपाटात.

प्रणित : आनि जहाजावर कोन हाय, ते वाचा.

मैथिली : काळुराम.

प्रणित : मोठ्यानं नको ना!

मैथिली : तूच वाच म्हणालास! वडिलांचं नाव घेतलं म्हणून एवढं काय झालं?

प्रणित : आमच्यात मानूस पान्यावर गेला का त्याचा नाव घेत नाय. घरी येऊन पाय धुवीपर्यंत नाय. कोनी दारात येऊन विचारला तर आयस बोलते, मानूस कामावर गेलंय. मी ल्हान असताना एकदा बांधावरून हाक मारली व्हती, नाव घेऊन. आयसनं तोंडावर मारला मना. बोलली, पानी ऐकतं.

मैथिली : मग मी नाव टाकलं तेव्हा का नाही बोललास? सरदाराला नाव द्या म्हणून चौकट आली. मी म्हटलं, जहाज चालवणारा आहे, तुझ्या बाबांचं टाकूया. तू तर हसलास.

प्रणित : तवा बापूस घरी व्हता. वटीवर जाळा विनत बसला व्हता. घरातल्या मानसाचा नाव घ्यायला कोनाची भीती? म्हनून हसलो. पन बापूस बार्जवर गेला, आनि नाव हितं तसाच राहिला. लिहिलेला नाव कोन गप करनार? हे माज्या डोक्यात आला नाय, मॅडम. कालपासून येतंय.

मैथिली : प्रणित, ऐक. ही चित्रं आहेत. चित्राला नाव दिलं म्हणून माणसाला काही होत नाही.

प्रणित : गोविंदाला झाला.

मैथिली : कोण गोविंदा?

प्रणित : कंपनीत माज्याबरोबर शिफ्टला असतो त्यो. भालेवाल्या सरदाराला त्याचा नाव दिला व्हता मी, मस्करीत. त्याला गरुडांनी बुरुजावरून खाली पाडला. आठवतंय?

मैथिली : हो, आपण हसलो होतो.

प्रणित : त्याच हप्त्यात गोविंदा शिडीवरून पडला. अजून पाय प्लास्टरमधी हाय.

मैथिली : कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, झालं. शिडीवरून माणसं पडतातच.

प्रणित : असंल. मग तुमी तिसऱ्यांदा चष्मा का पुसताय?

मैथिली : धूळ बसलीय.

प्रणित : मॅडम...

मैथिली : यज्ञेशने सीडी देताना एक गोष्ट सांगितली होती. माझा भाऊ, रोह्याचा. म्हणाला, ताई, खेळ छान आहे, फक्त ओळखीच्या माणसांची नावं घालू नकोस. मी म्हटलं, का रे बाबा? तर म्हणे, मी आजोबांचं घातलं होतं.

प्रणित : मग?

मैथिली : आजोबा नव्वदीच्या पुढचे होते, प्रणित. ते कधीतरी जाणारच होते.

प्रणित : खेळात कसा गेला म्हातारा?

मैथिली : झोपेत. एका चेटकिणीने झोपेचा मंत्र टाकला, आणि यज्ञेशने पाळी संपवली.

प्रणित : आनि घरी?

मैथिली : झोपेतच.

प्रणित : आनि हे तुमी मना आता सांगताय!

मैथिली : आत्ताच आठवलं म्हणून सांगतेय! भित्यापाठी ब्रह्मराक्षस, असं मीच त्याला ऐकवलं होतं. आणि हे बघ, हा खेळ तुलाच हवा होता. किती सीड्या धुंडाळल्या मी तुझ्यासाठी! त्या गाड्यांच्या शर्यती तुला नकोत, बंदुका नकोत.

प्रणित : ते डोक्यात जायचा. आनि त्यो तिसरा काय व्हता, शेतं लावा, घरं बांधा, शिपाई उभे करा? जरा चा प्यायला उठलो, तर येऊन गाव जाळून गेला! अरे, मानसाला चा पन पिऊ देनार नाय?

मैथिली : मग म्हणालास, मॅडम, थांबनारा खेळ नाय का कुठला?

प्रणित : व्हय. कंपनीत भोंगा थांबत नाय, पट्टा थांबत नाय, सुपरवायझर तर नायच नाय. म्हटला, एक तरी गोष्ट अशी असूदे, आपन इचार करीपर्यंत गप ऱ्हानारी. गोट्यांवानी. तू मार, मग मी मारतो. मग ह्यो आनलात तुमी. उडते घोडे, झाडांची मानसं, जादूच्या विहिरी... सोन्यासारखा खेळ. तासभर बघत बसलो तरी कोन घाई करत नाय.

मैथिली : तेच म्हणते मी. आपण पाळी संपवली नाही, तर तो थांबेल.

प्रणित : कवापर्यंत? काल बापूस येनार व्हता. ह्याची पाळी अडून ऱ्हायली म्हनून तर बार्ज अडून ऱ्हायली नसंल ना? इंजिन बंद, ना हिकडं ना तिकडं?

मैथिली : असं नको बोलूस.

प्रणित : स्क्रीनवरच्या धुक्यात बघा. जहाजाच्या फुडं काय वळवळतंय?

मैथिली : समुद्रसाप आहे. आपण पाळी संपवली की तो जहाजावर येणार. बंद करून टाकू का सरळ?

प्रणित : बंद करून काय, उघडला का तिथंच असनार.

मैथिली : मग पुसूनच टाकते. सगळा खेळ.

प्रणित : पुसून टाकते? मॅडम, त्याच्यावर माज्या बापसाचा नाव हाय. तुमी काय पुसनार?

मैथिली : बरं, बरं. नाही पुसत. थांब, मला विचार करू दे. बंदरात दुसरी होडी आहे, रिकामी. किल्ल्यात एक सरदार मोकळा आहे. या पाळीत तो अजून हललेला नाही.

प्रणित : कोन?

मैथिली : मीच आहे. मुळ्या-पाल्याने जखमा बऱ्या करणारी. तिला मी माझं नाव दिलं होतं. होडीत बसवून तिला जहाजाच्या आणि सापाच्या मध्ये नेलं, तर वाट अडेल. साप जहाजापर्यंत पोचणार नाही.

प्रणित : आनि तुमच्यापर्यंत?

मैथिली : मी इथे पेणमध्ये खुर्चीवर बसलेय. मी कुठे पाण्यावर गेलेय? माझं नाव घेतलं तर पाणी काय ऐकणार?

प्रणित : नको. थांबा. माजा नाव टाकलेला सरदार कुठं हाय?

मैथिली : डोंगरापलीकडे. त्याला पोचायला बऱ्याच पाळ्या लागतील. बाजूला हो, मला दिसत नाही.

प्रणित : तुमाला पवता येतं का?

मैथिली : या खेळात कुणी पोहत नाही, प्रणित. हे बघ, बसली होडीत. निघाली. आता जहाजाला वळसा घालून... इथे. झालं. मध्ये उभी राहिली.

प्रणित : आता घड्याळ दाबू नका.

मैथिली : नाही दाबत. नुसती बसून राहते. तूही बस.

(तिन्हीसांज होते. दोघांपैकी कोणी उठलेलं नाही. फोन वाजतो.)

प्रणित : हॅलो! दिनानाथ? कोन बोलतंय?

काळुराम (फोनवर) : कोन काय? बापसाचा आवाज वलकत नाय तुला? आयसला जाऊन सांग, मानूस जेटीवं उतरलंय.

प्रणित : बाबा! कुठं व्हतास रं? काय झाला?

काळुराम : काल भरतीच्या आदीच इंजिन बंद परला, वायरलेस पन. रातभर नांगर टाकून बसलो. आनि आज दुपारी एकाएकी धुका आला. भर दुपारचा धुका तू कवा पायलास? मी जलमात पायला नाय. त्यात नांगर सुटला, आनि बार्ज वाहत चालली खरकावं, धोंड्यांवं. कोनाला काय दिसत नाय.

प्रणित : मग?

काळुराम : मग यक होरी आरवी आली. तिच्यातून हाक आली, ती आमी आयकली, तवा कलला खरक कुठं हाय. बांबू लावून बार्ज वलवली. जरा उशीर व्हता तर मी आता बोलत नसतो.

प्रणित : होडी कुन्या गावची?

काळुराम : काय ठावं? वल्ही नाय, इंजिन नाय. आत यकलीच पोरगी उबी. चश्मा व्हता तिला. आपल्यातली नसंल रं. पान्यावं मना नाव घेऊन हाक मारली तिनं.

प्रणित : नाव घेऊन?

काळुराम : सरल नाव. आपल्यातली कोन बाय अशी हाक मारंल? मी वो दिली नाय. पन बार्ज वलली. चल, ठेवतो. दिनानाथ घाई करतंय.

मैथिली : आले ना? सुखरूप आहेत ना? माझा तर जीवच भांड्यात पडला बघ! अरे, रडतोस काय असा? हस की!

प्रणित : मॅडम, दुपारपासून तुमी काय बोललात का? मोठ्यानं?

मैथिली : नाही. गप्पच तर होतो आपण दोघं. का?

प्रणित : बापूस बोलतो, धुक्यात एक होडी आडवी आली. आत एक पोरगी व्हती. तिनं त्याला नाव घेऊन हाक मारली.

मैथिली : कोण पोरगी?

प्रणित : चष्मा व्हता तिला.

मैथिली : असा विचित्र बघू नकोस माझ्याकडे. चष्मा काय, पुष्कळ जणींना असतो.

प्रणित : मघाशी विचारला त्याचा उत्तर दिला नाय तुमी. पवता येतं का?

मैथिली : रोह्याला कुंडलिका नदी घरामागेच आहे, पण आई काठावरसुद्धा जाऊ द्यायची नाही. नाही येत.

प्रणित : आनि होडी अजून तिथंच हाय. सापाच्या तोंडाशी.

मैथिली : आहे. पाळी आपलीच आहे. मी घड्याळ दाबणार नाही. सीडी काढून घेते, कॉम्प्युटरवर कव्हर घालते, आणि उद्यापासून या मशीनवर कुणाला बसू देत नाही.

प्रणित : फुडच्या रविवारी आमच्याकडं या. मी शिकवतो पवायला. आमच्यातली ल्हान पोरं पन शिकतात, तुमी का नाय?

मैथिली : एका रविवारी येतं?

प्रणित : नाय येत. पन ह्यो थांबनारा खेळ हाय ना? तुमी शिकाल तवर थांबंल.

मैथिली : थांबेल. थांबायला हवा. पण प्रणित, तुझ्या बापसाचं जहाज आपण बंदराला लावलं होतं. पाळी आपलीच होती. कुणीही काही दाबलं नव्हतं, तरी ते समुद्रात गेलं.

प्रणित : चपला घाला, मॅडम. खाडीवर अजून थोडा उजेड हाय, आजपासूनच शिकू.