तीन माणसं, चाळीस पुऱ्या

…नाही, पण चाळीस? तीन माणसांना चाळीस पुऱ्या? तुम्हीच सांगा, डोक्यात किडा वळवळणार की नाही? मी, बायको कुंदा आणि मुलगी, जायचं कुठे तर मुंबईला, प्राण्यांच्या बागेत, आणि आमची कुंदा पहाटेपासून तळतेय, तळतेय, थांबतच नाही! म्हटलं, "कुंदा, आणखी कोण येणार आहे?" तर म्हणते कशी, "कोण येणार? प्रवासात भूक लागते!" अगं, उल्हासनगर कॅम्प चारहून मुंबईला जायचंय की दिल्लीला?

तुम्हाला सांगतो, एकवीस वर्षं चेकिंगला आहे मी! कॅम्प दोनला, जीन्सच्या कारखान्यात. पँट आली की उलटी करायची, शिलाई ताणायची, खिशात हात घालायचा, चेन वर-खाली, वर-खाली, आणि मग ओकेचं स्टिकर, नाहीतर रिजेक्ट! आमचा सेठ हात जोडतो, "साईं, इतना मत खींच, पँट की हाफपँट हो जाएगी!" पण माझ्या हातून पास झालेला एक पीस परत आलेला नाही. आणि भिंतीवर नियम लावलाय, मीच लावलाय : एकदा ओके मारला की वाद नाही.

आता अशा माणसाच्या घरी लग्नाची मुलगी. यशोधरा, आमची यशू. सत्तावीस पूर्ण. नऊ मुलं आली, नऊच्या नऊ रिजेक्ट! का म्हणजे? एकाच्या बुटाचं लेबल शिवलेलं नव्हतं, चिकटवलेलं होतं. उद्या संसार चिकटवेल! दुसरा प्रत्येक वाक्याला "हो काका". मी मुद्दाम म्हटलं, "ते भिवंडी अमेरिकेत आहे ना?" "हो काका." आता याला मुलगी द्यायची? ज्याला आपल्याकडून काही हवं असतं ना, तो हो काका, हो काका करतो. नववा गेला तेव्हा यशू म्हणाली, "बाबा, आता दहावा येणारच नाही." आणि दोन महिने माझ्याशी धड बोलली नाही. जेवायला वाढायची, पण बोलायची नाही. लागलं हो… बाप आहे, मी काय हौसेने ओढतो का धागे?

आणि तीच यशू शनिवारी म्हणते, "बाबा, बागेत जाऊ या ना." आनंद झाला, खोटं कशाला बोलू… पण संशय त्याच्याआधी आला!

गेलो. पहिला पाणघोडा. पाण्यात नुसती पाठ. काळी, गुळगुळीत. पाच मिनिटं, दहा मिनिटं, हालचाल शून्य! म्हटलं, रबर आहे. वॉचमन म्हणतो, "अंकल, सो रहेला है वो." म्हटलं, सो रहेला दिखता है, मान्य, पण है क्या? एकवीस वर्षं चेकिंगला आहे मी, मला रबर कळत नाही? आणि मी जरा वाकलो, तर त्या रबराने हे एवढं तोंड उघडलं आणि फुर्रर्र करून माझ्या शर्टावर अख्खं तळं! बरं… हा ओके.

इकडे यशूचा मोबाइल. एक रिंग, बंद. पुन्हा एक रिंग, बंद. म्हटलं, कोण गं? "ऑफिस, बाबा." रविवारी? ऑफिस मिस कॉल देतं? कुंदा लगेच, "अहो, ते मोर बघा, मोर!" बघतो तर हरीण!

मग आली झाडं. प्रत्येक झाडाला लेबल. लेबल! मला! उल्हासनगरच्या माणसाला लेबल दाखवता? एका झाडापाशी आलो, बुंध्यालाच लटकलेली गोल गोल तोफगोळ्यांसारखी फळं, आणि लेबल काय तर 'कैलासपती'. मी तिथेच ओरडलो, "सापडलं! रिजेक्ट! अहो, हा शालवृक्ष! ज्याच्याखाली तथागतांचं महापरिनिर्वाण झालं तो! आमच्या विहाराच्या अंगणात आहे, रोप मी आणलंय, पाटी मी रंगवलीय, अकरा वर्षं लोक हात जोडतात!"

शेजारी एक पोरगा उभा. चष्मा, साधा शर्ट. हळूच म्हणतो, "माफ करा काका, लेबल बरोबर आहे. तुमची पाटी चुकलीय."

माझी! पाटी! चुकलीय! मी त्याला घेतला ना टेबलावर… उलटा केला, ताणला, अर्धा तास! पण उसवेना! म्हणतो, "हे झाड दक्षिण अमेरिकेतलं. श्रीलंकेकडे विहारांत शाल म्हणून लावतात, तिथून हा घोळ. खऱ्या शालाचं फळ लहान, त्याला पाच पंख." म्हणजे बघा, उल्हासनगरात देशी मालाला अमेरिकेचं लेबल लागतं, आणि मी अमेरिकेच्या झाडाला देशी लेबल लावून अकरा वर्षं…! म्हटलं, "मग आता तोडू का ते?" तर म्हणतो, "छे, पाटी तेवढी बदला. सावली तर खरी आहे ना, काका."

खलास! मी यशूकडे वळलो आणि सगळ्या बागेला ऐकू जाईल असं म्हणालो, "बघ! याला म्हणतात ओरिजिनल! असा एक आणला असतास, तर डोळे मिटून ओके मारला असता!"

कुंदाला ठसका लागला. यशू चपलेकडे बघायला लागली. पोरगा घामाघूम. आणि त्या झाडामागून, अहो झाडामागून, एक जोडपं बाहेर! "जय भीम, महिपतराव! आम्ही बदलापूरचे. हा आमचा जयदेव. अंबरनाथला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतो, तुमची यशोधरा तिथेच ऑफिसात…"

चाळीस पुऱ्या! सहा माणसं! हिशेब तिथल्या तिथे जुळला हो!

मी म्हटलं, म्हणजे सगळं पढवून आणलेलं? तर यशू रडवेली, "पढवलं होतं बाबा. म्हटलं होतं, बाबा काहीही बोलले तरी हो म्हण. यानेच ऐकलं नाही."

पुऱ्या खायला बसलो. शेजारी तो. त्याच्या बाहीच्या बटणाचा एक धागा लोंबत होता. माझा हात शिवशिवला… गेला तिथपर्यंत… आणि तुम्हाला सांगतो, एकवीस वर्षांत पहिल्यांदा, नाही ओढला.

आता कुंदा लग्नाची तारीख काढतेय. कसून चेक कोणी केला? मी. भर बागेत ओके कोणी मारला? मी. तक्रार करायची म्हटलं तर जायचं कुठे? चेकिंगला. आणि चेकिंगला कोण बसलाय?… मीच की हो!