ट्रेडमध्ये दिलेला मुलगा

तुम्ही मघापासून खेळाडूंच्या अदलाबदलीचं ट्रेड-ट्रेड करताय ना, त्यावरून माझा मित्र मिलिंद आठवला. आम्ही अमेरिकेत बेलव्ह्यूला होतो तेव्हा तिथली आमची लाडकी बेसबॉलची टीम सारखी मार खायची, कारण मॅचच्या सुरुवातीपासून बॉल टाकायला धड पिचरच नव्हता. एका बुधवारी माझ्या घरी टीव्हीवर मॅच बघताना मिलिंद तावातावाने म्हणाला, "तो नवा पोरगा देऊन टाका यार, आणि बदल्यात एखादा मुरलेला पिचर आणा!"

मी म्हणालो, "वेडा आहेस का? आपल्याच तालमीत वाढलाय तो. थांब ना जरा!"

माझी आई तेव्हा नागपूरहून आली होती. मटार सोलता सोलता तिने विचारलं, "कुठे देणार त्याला?"

"अमेरिकेच्या पार दुसऱ्या किनाऱ्यावर, काकू," मिलिंद म्हणाला. " धंदाच आहे हा. चांगला मुलगा द्यायचा, बदल्यात चांगलं काहीतरी घ्यायचं."

"आम्हीपण दिला की एक," आई माझ्याकडे बघत म्हणाली. "वाढवला, शिकवला आणि अमेरिकेला दिला. बदल्यात दर रविवारी फोन येतो. छान वाटतं फोन आला की, नाही असं नाही." आणि पुन्हा मटार सोलायला लागली.

मिलिंद मॅच अर्धवट टाकून उठला. मला वाटलं, चिडला. मागोमाग किचनमध्ये गेलो, तर हातात भारतात फोन करायचं कार्ड आणि कानाला फोन.

"काही झालं नाही गं आई, सहज केला. हो, माहितीये मला, आज रविवार नाहीये."