बैठकीच्या खोलीतलं मळणीयंत्र

...हसा, हसा! तुमचं काय जातंय हसायला? तुमच्या बैठकीच्या खोलीत कधी मळणीयंत्र राहायला आलंय? नाही ना? मग! अहो, दाराची चौकट काढली मी, चौकट! दोन चाकांचं ते धूड आत ढकललं, कॉट बाहेर काढली आणि कॉटच्या पाठोपाठ मीही बाहेर, ओसरीवर! का? तर सरकारी वस्तू आहे हो, सरकारी!

तुम्हाला सांगतो, आमच्या शेतकऱ्यांच्या गटाला योजनेतून मिळालं ते. गटाचा अध्यक्ष मी. कारण काय, तर इस्त्रीचा शर्ट माझ्या एकट्याकडे! यंत्र घेऊन आला तो ड्रायव्हर जाता जाता म्हणाला, "काका, साहेब येतील पाहणीला. तोवर जपा बरं!" झालं! 'जपा' म्हणाला ना? मग मी जपायला कमी करतो की काय! सासूबाईंनी दिलेली, पाहुण्यांनासुद्धा न दिलेली चादर काढली, यंत्रावर घातली, वरून सुतळी बांधली, निरगाठ! गटातले येऊन लांबूनच बघायचे. एकानं नुसतं बोट लावलं तर मी असा ओरडलो... अहो, सरकारी वस्तू आहे!

आता इकडे गहू कापून तयार. सगळ्यांच्या पेंढ्या खळ्यावर रचलेल्या आणि आभाळ? आभाळ रोज दुपारी काळंकुट्ट! एक सर आली असती तर सगळ्यांचं वर्ष मातीत. बायको म्हणाली, "अहो, यंत्र घरात आणि आम्ही बायकांनी काठीनं गहू बडवायचा? हात बघा माझे!" बघितले हो मी. सोललेले. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण म्हटलं, "साहेब येऊ देत. एकदा पाहणी झाली की दणक्यात सुरू करू." त्यावर ती काही बोलली नाही. आणि आमची ही गप्प बसली की समजायचं... पण समजलं असतं तर अध्यक्ष कशाला झालो असतो!

मग मी रोज सकाळी साहेबांच्या ऑफिसात. बाकावर बसायचं. तिथला तो शिपाई, पान न खाताही तोंडात पान असल्यासारखा, "शाहेब मीटिंगमधे." दुपारी? "शाहेब जेवताहेत." जेवण झाल्यावर? "शाहेब आत्ताच गेले की!" अरे, कुठून गेले? दार एक, दारात मी! संध्याकाळी घरी यावं तर खळ्यावरचा ढीग कमी कमी होतोय. काठीनं बरं का! मला तर भरून यायचं. म्हटलं, काय राबतात आपल्या बायका! आणि यंत्र आपलं चादरीखाली गुपचूप. सुतळीची निरगाठ कधी कधी सरगाठ दिसायची, पण म्हटलं, म्हातारपण, आपणच बांधली असेल.

आणि आले की हो साहेब! मागून रिकामा ट्रक. मी इस्त्रीचा शर्ट घालून, छाती काढून पुढे!

"किती वापरलं यंत्र?"

मी म्हटलं, "साहेब, शपथेवर सांगतो, एक दाणा आत गेलेला नाही! सरकारी वस्तू आहे!"

साहेबांचा चेहरा पडला. "अरेरे! न वापरलेली यंत्रं उचलून दुसऱ्या गावाला द्यायचा हुकूम आहे. ड्रायव्हर, ट्रक लाव!"

पायाखालची जमीन सरकली हो माझ्या! वर ढग गडगडतायत, शेजारच्या वहिनींचा अख्खा ढीग अजून खळ्यावर, आणि मी, मीच या तोंडानं यंत्र घालवलं!

तेवढ्यात ही आली. पदर खोचलेला. "साहेब, जरा सरका." एका झटक्यात सुतळी सोडली, चादर ओढली, खालचं झाकण उघडलं आणि धबाधबा गहू! साहेबांच्या बुटांवर! वरून भुसा असा उडाला की साहेब शिंकायला लागले!

"हे रोज ऑफिसात जातात ना," ही म्हणाली, "तेवढ्यात आम्ही सगळ्या मिळून बाहेर ढकलतो. अर्ध्या गावाचा गहू झाला. काल झाडायला वेळ नाही मिळाला, आणि आज हे निघायच्या आतच तुम्ही आलात."

साहेब शिंकता शिंकता खूश! "उत्तम वापर! अहो, अशीच माणसं हवीत गटाला!" ट्रक रिकामा परत गेला. आणि मी? चारचौघांत खोटा पडलो, पण आनंद इतका झाला, इतका झाला की साहेबांचे बूट मीच पुसले!

पाऊस यायच्या आत वहिनींचा ढीगही झाला. आता अध्यक्ष ही आहे. यंत्र खळ्यावर धडधडतंय, चौकट पुन्हा बसली. मी म्हटलं, "आता कॉट आत घेऊ का? मलाही काहीतरी काम सांग."

तर म्हणते कशी, "नको, तुम्ही बसा तिथंच, इस्त्रीचा शर्ट घालून. घरात एक वस्तू पाहणीपुरती असू दे!"