मस्ती आली होती म्हणे

मी कोल्हापूरचा. पेठेचं नाव सांगत नाही, कारण सांगितलं की अर्ध्या गावाला मी कोण ते कळेल आणि उरलेल्या अर्ध्याला ते अर्धं गाव सांगेल. आमच्याकडं फुटबॉल म्हंजे नुसता खेळ नाही ओ, प्रत्येक पेठेची तालीम, तालमीचा संघ, आणि दोन तालमींची मॅच लागली की त्या दिवशी सख्खे मेव्हणे एकमेकांशी बोलत नाहीत. आमचे आण्णा, म्हंजे वडील, फौंड्रीत मोल्डर होते, वाळूचे साचे करायचे. दिवसभर काळी वाळू छातीत घ्यायची आणि संध्याकाळी तालमीच्या पोरांना पळवायचं, तरणेपणी स्वतः गोलकीपर. आई मी नववीत असताना गेली, मग घरात आण्णा, थोरली बहीण, तिला मी ताई म्हणतो, आणि मी. आण्णांनी मला आयुष्यात एकदाच चांगला म्हटलं, तेही मला नाही, शेजारच्या न्हाव्याला. मी खुर्चीत तोंडाला साबण लावून बसलेलो, तरी ऐकलं.

तर ती लीग. कुठली, ते नको, अजून मला त्यांच्या वकिलांची भीती वाटते. मुंबईत एका हॉटेलात टेबलं मांडलेली, टेबलांमागं टीमचे कोच आणि मालक, पडद्यावर आमची नावं, वय, उंची, वजन, कुठल्या पायानं मारतो. एकेका टीमनं पाळीपाळीनं नाव उचलायचं, याला म्हणतात ड्राफ्ट. मी रोखठोक सांगतो, बाजारात बैल उभा करतात तेव्हा निदान त्याला दावं दिसत असतं, आम्हाला टाय बांधला होता. पहिल्या फेरीत पहिलं नाव माझं पुकारलं. एकवीस वर्षांचा होतो. कोल्हापुरात उतरलो तर हलगी, गुलाल, आणि चौकात फ्लेक्स, तालमीच्या दारापेक्षा मोठा माझा फोटो आणि खाली शुभेच्छुकांची चाळीस तोंडं, त्यातली दहा तरी मला गल्लीत बघितलं की शिव्या घालणारी.

करारात स्पष्ट लिहिलं होतं, टीमच्या परवानगीशिवाय बाहेर कुठंही खेळायचं नाही. टीमचा कॅम्प सुरू व्हायला तीन आठवडे होते. आणि नेमकी तेव्हाच उन्हाळ्यात हाणामारी होऊन थांबलेली तालमींची फायनल परत लावली, भर पावसाळ्यात, चिखलात. मी आण्णांना करार वाचून दाखवला. आण्णा काय म्हणाले सांगू? म्हणाले, न्हाई न्हाई, तुला कोण खेळ म्हणतंय, तू आता मोठा माणूस, पोरं इचारत्यात, मी सांगतो त्यास्नी, साहेबांस्नी जमत न्हाई. एवढंच. आणि सकाळी उठून बघतो तर माझे बूट पुसून, लेस बदलून, उंबऱ्यापाशी ठेवलेले.

तालमीला नाही म्हणता येतं असं ज्याला वाटतं त्यानं आमच्या पेठेत एक महिना राहून दाखवावं. उतरलो. शेवटची वीस मिनिटं. बरोबरीचा गोल मारला, आणि विजयाचा मारायला वळलो तेव्हा बूट चिखलात रुतला, अंग वळलं आणि गुडघा तिथंच राहिला. आत काहीतरी कापड फाटल्यासारखं झालं. गोल झाला ओ, तोच तर घोटाळा. पोरांनी मला खांद्यावर उचललं ते थेट तालमीपर्यंत, म्हणून मी लंगडतोय हे कुणाला दिसलंच नाही. आण्णा मिरवणुकीच्या पुढं, टोपी गुलालानं लाल, आणि रडत होते. त्या माणसाला मी काय सांगणार होतो?

कॅम्पमध्ये गेलो. खरं सांगावं तर करार मोडला म्हणून हाकलतील, घरी सांगावं तर आण्णा मरतील. दोन्हीकडून तोंड बंद. तिसऱ्या मॅचला गुडघा नारळाएवढा सुजला. टीमच्या डॉक्टरनं एमआरआय काढला, म्हणाला किरकोळ आहे, आणि दुखणं दाबायची सुई मारली. मग प्रत्येक मॅचच्या आधी सुई. पहिला उचललेला खेळाडू बाकावर बसवला तर मालक कोचला जाब विचारणार ना, मग बसवायचा कसा? मी धावायचो, अर्धा धावायचो, मग चालायचो. गुडघ्यातली गादी फाटलेली आहे हे त्या पहिल्याच एमआरआयमध्ये दिसत होतं, हे मला दीड वर्षानं कोल्हापूरच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी सांगितलं. टीमला माहीत होतं. मला सोडून सगळ्यांना माहीत होतं. दुसऱ्या वर्षी मला काढून टाकलं, आणि पेपरात कारण काय छापून आलं, तर वृत्ती. गुडघा नाही. वृत्ती! इथं आयर्लंडात हॉस्पिटलच्या कामगारांच्या युनियनसाठी मी आता पत्रकं लिहितो, दर वेळी कुणाला कामावरून काढलं की त्या चिठ्ठीत वृत्ती हा शब्द सापडतो, आणि दर वेळी माझं डोकं फिरतं.

पण टीमनं छापवलं ते आण्णांनी खरं मानलं. चौकात बसून सांगायचे, पोराला पैसा चढला, मस्ती आली, संपलं. माझ्याशी बोलणं बंद. मी पण घुम्यासारखा गप्प. करोनाच्या आधीच्या सप्टेंबरात मी इकडं डब्लिनला आलो, खेळाचा कारभार कसा चालवतात याचा मास्टर्स करायला, म्हंजे त्या टेबलाच्या पलीकडं बसतात ते काय शिकून येतात ते बघू म्हटलं. सहा महिन्यांत जगातला सगळा खेळच बंद. मग डब्लिनपासून तासाभरावर, ड्रोहेडाला, हॉस्पिटलात पोर्टर म्हणून लागलो. पेशंट, ट्रॉल्या, सिलिंडरं, सगळं ढकलायचं. भाड्याचं घर दोघांत. माझा रूममेट कौस्तुभ, पुण्याचा, डब्लिनकडच्या चेरीवूडच्या कंपनीत पण खोलीतूनच काम करणारा. एकदा जेवताना त्यानं फोन माझ्यापुढं धरला, फोटोंखाली नुसती टीमची नावं, अरे हे बघ ना यार, ड्राफ्टमधले दहा सगळ्यात मोठे फ्लॉप, आणि हा पहिला आहे ना, लिटरली तुझ्यासारखा दिसतो. मी म्हटलं, आमच्याकडं सगळे असेच दिसतात. तो हसला. मी भांडी घासायला उठलो.

मग गेल्या वर्षी एप्रिल. दोन हजार एकवीसचा. ताईचा फोन, आण्णांना ताप. दोन दिवसांनी, दम लागतोय. मग बेड मिळेना, मग मिळाला. मी वर्षभर तेच बघत होतो की इथं. नाकात ऑक्सिजनची साधी नळी असलेला माणूस मी वॉर्डात न्यायचो, मोठा मास्क असलेला वरच्या मजल्यावर आयसीयूत, आणि वरच्या मजल्यावरून काही जणांना कुठं न्यायचो ते तुम्हाला सांगायला नको. ताईला वाटायचं, मास्क लावलाय म्हंजे उपचार चालू आहेत. मला मास्क बघून पुढचा मजला दिसायचा. एका दुपारी तिनं व्हिडिओ लावला आणि आण्णांच्या तोंडावर तो मोठा मास्क, खाली ऑक्सिजनची पिशवी फुगतेय. मी चादरींच्या ट्रॉलीला धरून उभा राहिलो. माझ्याबरोबर नोएल म्हणून जुना पोर्टर आहे, त्याला सगळं ग्रँड, म्हंजे झकास, लिफ्ट बंद पडली तरी ग्रँड. त्यानं मास्कवरचे माझे डोळे बघितले आणि माझी ट्रॉली घेऊन गेला. तो ग्रँड म्हणाला नाही, तेव्हा मी खरा घाबरलो.

ताई म्हणाली, ऐक, ते सारखं तुझंच काढत्यात, पोरगं मस्तीत वाया गेलं म्हंत्यात, झोप न्हाई त्यास्नी. एकदा माफी माग. म्हण चुकलो. त्येंचा जीव शांत हुईल.

काय सांगू तुम्हाला. माफी? मी? कशाची? सहा वर्षं जे दाताखाली धरलं होतं ते सगळं एकदम जिभेवर आलं. की आण्णा, तुम्ही बूट पुसून ठेवले होते. एवढं एक वाक्य. सांगितलं असतं तर माझं नाव साफ झालं असतं, निदान एका माणसापुढं. आणि तो माणूस वाचला नसता तर माझा पाय आपण मोडला हे घेऊन गेला असता. नाही सांगितलं आणि गेला, तर पोरगा मस्तवाल होता हे घेऊन. ताईच्या हातातला फोन हलायचा, पडद्यावर नुसतं छत दिसायचं, मग आण्णांचे डोळे, मग परत छत. मला वाटलं, परत छत येईल आणि मग डोळे येणारच नाहीत.

मी म्हटलं, आण्णा, चुकलो. मस्ती आली होती मला.

तुम्ही म्हणाल, रोज पत्रकातून खरं बोला म्हणून ओरडतो आणि हा असला. म्हणा. त्यांनी मान हलवली. हात वर केला, आशीर्वाद होता का गप म्हणत होते, कळलं नाही, आणि फोन बंद झाला.

आणि म्हातारा वाचला! सव्वीस दिवस हॉस्पिटलात काढून घरी आला. आता घरात ऑक्सिजनचं एक मशीन असतं, जिना चढवत नाही, पण चौकातल्या कट्ट्यापर्यंत जातो. तिथं बसून काय सांगतो माहीत आहे? पोरानं सोता कबूल केलंय, माझ्या म्होरं रडला, म्हणला, आण्णा, मस्तीच आली हुती. बघा, मी काय सांगत हुतो! सगळ्या पेठेला सांगून झालं, न्हाव्यालाही. माझ्या तोंडावरच्या मास्कमुळं मी रडत होतो का नव्हतो हे त्यांना दिसलं तरी कसं असेल, पण रडत होतो म्हणतात तर असेन.

राग येतो. त्या लीगचा तर येतोच, त्या डॉक्टरचा येतो, आणि आण्णांचाही येतो, खोटं कशाला बोलू. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी इथं नाव घातलंय, कधी लागेल माहीत नाही. तुम्ही हे छापा, पण नाव घालू नका. कोल्हापुरात कुणी वाचून कट्ट्यावर आण्णांना दाखवलं तर, या विचारानं माझी झोप उडते, तुम्हाला सांगून चूक केली का असंही वाटतं. रविवारी मी फोन करतो, वाजत राहतो, आणि उचलेपर्यंत मी रिंगा मोजतो. मग पलीकडून आण्णांचा आवाज येतो, व्हय रे, काय करतोयस, तिकडं तरी नीट राहा, उतू नको. धापा टाकत, पण पुरं वाक्य, मधे न थांबता. मी म्हणतो, व्हय आण्णा. असंच बोलत राहू दे त्यांना. शंभर वर्षं बोलू दे.