सॅम्पल फ्लॅटमधलं ऊन

— नाही, पाणी नको. कॉफी पण नको. आणि ते रंगीत पुस्तक तर नकोच, तसलं एक घरी आहे, डगमगत्या स्टुलाच्या पायाखाली घातलंय, छान बसलंय. तू आधी खाली बस बघू. उभ्याउभ्या बोललीस की मला हाकलायची घाई झाल्यासारखी वाटते. मी गिऱ्हाईक आहे. वाटत नाही? मग गिऱ्हाईक काय कपाळावर लिहून येतं का? आणि सर नको म्हणूस. आजोबा म्हण. सर मला जन्मात कुणी म्हटलं नाही, आता या वयात सवय लावून काय करू.

तर मी काय विचारत होतो — खिडकी. बेडरूमची ही खिडकी कुठल्या दिशेला? भरपूर उजेड आहे — अगं बाई, उजेड नाही विचारला, दिशा विचारली. दिशा चारच असतात, त्यातली एक सांग. सरांना विचारून सांगते. बरं. समोर काय बांधणार? सरांना विचारून. लिफ्टमध्ये माणूस आडवा मावतो का? हसतेस काय? सगळे उभेच खाली जातात असं वाटतं ना तुला, वाटणारच, वय आहे तुझं. हेही सरांना विचार. हे तुझे सर नेमके असतात कुठे गं? मी इतक्यांदा आलो, त्यांची खुर्ची बघितली, कोट बघितला खुर्चीवर टांगलेला, माणूस नाही बघितला. आणि हा पलंग — यावर कोण झोपणार, मांजर? मघाशी जरा आडवा झालो तर पाय गुडघ्यापासून बाहेर. म्हणजे पलंग आखूड केला की खोली मोठी दिसते. आणि दारं लावलीच नाहीत कुठल्या खोलीला, कारण दार उघडायला जागा लागते, ती जागा दिसते मग. हे आम्हाला आधी नाही कळलं. कपाट आत नेताना कळलं, दार लागेना तेव्हा —

काय बघतेस? हो. राहतो. इथेच राहतो, तुमच्या पहिल्या इमारतीत, तिसरा मजला. घ्यायला-बियला नाही आलो. गेल्या खेपेला खरं सांगितलं तर त्या दारावरच्यानं बाहेरच अडवलं, म्हणाला ज्यांनी घेतलं त्यांचं ऑफिस वेगळं. कुठे आहे ते? तर म्हणाला, सरांना विचारून सांगतो. म्हणून आज नवा शर्ट घालून आलो. घ्यायच्या आधी माणूस राजा गं, दारापासून छत्री धरतात डोक्यावर. घेतल्यावर तोच माणूस भुतासारखा, कुणाला दिसतच नाही.

भांडायला नाही आलो, बस, बस. भांडून झालं माझं. एकच विचारायचंय, आणि ते तुला सरांना न विचारता सांगता येईल. पण आधी ऐकून घे, नाहीतर म्हातारा चळला म्हणशील.

आमची लाँड्री होती. लाँड्री म्हणजे काय — पुढे मी इस्त्रीला, मागे ही धुवायला, आणि मधल्या खोलीत आमचा संसार. त्या खोलीला खिडकी नव्हती. दिवसा दिवा लावायचा. आणि गंमत बघ, हिचा सगळा जन्म उन्हामागे धावण्यात गेला. ऊन या भिंतीवरून त्या भिंतीवर सरकलं की ही दोरी सोडून तिकडे बांधायची, अंगणभर दोऱ्याच दोऱ्या. लोकांच्या चादरी उन्हात, लोकांचे सदरे उन्हात, आणि ही परत पाण्यात. मी ओरडायचो, अगं बस की जरा. तर म्हणायची, बसते हो, एकदा आपलं घर झालं ना, की खिडकीत खुर्ची टाकून बसते, मग उठवून दाखवा. बोटं वाकडी झाली तिची. आता मूठ उघडत नाही पुरती, गार पडतात हात, डॉक्टर म्हणतो सकाळचं ऊन द्या. ऊन द्या म्हणे! काय बाटलीत मिळतं?

तर आम्ही इथे आलो, दोघं. हीच शेड, हीच खोली, भिंतींचा रंग तेवढा वेगळा होता. तुझ्याआधी एक दुसरी मुलगी होती, तीही तुझ्यासारखीच, उभीच असायची. मी नडणारा माणूस, तिला सोडलं नाही — नळाला पाणी कधी, गच्ची कुणाची, समोर काय. तिनं मला त्या काचेच्या पेटीपाशी नेलं, खेळण्यातली इमारत, बाजूला हिरवा भुसा आणि काडीची झाडं. म्हणाली, इकडे मोकळं राहणार काका. मी पुढचं काहीतरी विचारणार, तर इकडून ही हाक मारते — अहो, इकडे या. आलो. तर ही या खिडकीशी उभी. या पडद्यावर पिवळंधमक ऊन. आणि तिनं हात असा पुढे केला, तळवा वर करून, आपण भाकरी शेकली का बघतो तसा, आणि म्हणाली — अहो, ऊब लागते.

संपलं. पुढचे सगळे प्रश्न तिथेच संपले माझे. मीही हात धरला. लागत होती ऊब. मी इस्त्रीवाला गं! आयुष्यभर हाताला चटके खाल्ले, आणि मला ते खरं वाटलं. आणि ऐक — बाहेर पाऊस पडत होता. धो धो पडत होता, आजच्यासारखाच. माझ्या हातात छत्री होती, तिचं पाणी तुमच्या गालिच्यावर ठिबकत होतं, आणि आम्ही दोघं म्हातारे उन्हात उभे! दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. कसं येणार? इतकी वर्षं वाट बघितलेली वस्तू समोर दिसली तर माणूस छत्रीकडे बघतो का?

नंतर या शेडला बाहेरून चक्कर मारली मी. खिडकीच नाही. नुसता पत्रा. काचेमागे दिवा आहे, मला कळतं आता.

चावी मिळाली तेव्हा हिची धाकटी बहीण आली होती सोबत, मेहुणा होता, शेजारची दोन माणसं होती. ही सगळ्यांच्या पुढे. चप्पल काढून थेट बेडरूममध्ये, खिडकी उघडली. समोर भिंत. काठी काढली तर टेकेल इतकी जवळ, वरून खालपर्यंत पाईप. त्या हिरव्या भुशाच्या जागी. ती भिंत म्हणजे तुमची ही दुसरी इमारत, तू विकतेस ती. तुझा काय दोष, तू पगारी. मी दारातच थांबलो. मग तिनं खिडकी लावली, वळली, आणि बहिणीला म्हणाली — बाई बाई, केवढं ऊन येतं गं आत! आधी जाड पडदा आणायला हवा.



पडदा आला. जाड. तेव्हापासून तो बंद. खिडकीत खुर्ची टाकून बसते ना, अगदी म्हणाली होती तशी, बंद पडद्याकडे तोंड करून. मी म्हटलं उघडू का थोडा, तर म्हणते, नको हो, डोळ्यांवर येतं. कुणी आलं-गेलं की तेच — आमच्याकडे ऊन फार. मी कुणाशी भांडू नये, मला लागू नये म्हणून. ती भांडली असती ना, शिव्या घातल्या असत्या, तर बरं झालं असतं. हे नाही सोसवत मला. हात मांडीवर घेऊन बसते, एकात एक. गार असतात. मी धरतो कधी, तर म्हणते, सोडा, कुणी बघेल. तिसऱ्या मजल्यावर, बंद पडद्याआड, कोण बघणार आहे गं?

डोळ्यात काही नाही गेलं. बस खाली.

तर विचारायचं ते हे — तो दिवा कुठला? काचेमागचा. कसला दिवा आहे, कुठे मिळतो, कुणी बसवला? दोन-चार दुकानं हिंडलो, सगळे पांढरेशुभ्र देतात, दवाखान्यासारखे, आणि ऊब नाही त्यांना. मला हाच हवा. पडद्यामागे बसवीन, ती आंघोळीला गेली की. तिला कळेल? कळू दे. ती काही बोलायची नाही. ती पडदा लावून मला फसवते, मी दिवा लावून तिला फसवीन, फिट्टंफाट. पण हात पुढे करेल गं एकदा. असा. तेवढंच.

हेही सरांना विचारून? अगं दिव्याचं नाव —

काय? हळू का बोलतेस, मला या कानानं कमी ऐकू येतं. वायरमन? आज येतोय? शेड मोडणार आहेत, म्हणजे हे सगळं निघणार — अख्खी काच, दिव्यासकट? आणि ती मला देतील? तू सांगशील त्याला? पोरी, तू — बरं बरं, नाही बोलत मोठ्यानं. आणि मी काय करायचं? गप्प बसायचं. गिऱ्हाईक येतंय, त्यांच्यासमोर चकार शब्द काढायचा नाही. एवढंच ना? बसतो. या आखूड पलंगावर बसतो, मला काय. जा तू, आले ते. तरुण आहेत. नवरा पेटीपाशीच थांबला बघ, इमारतीत वाकून बघतोय. बायको आत येतेय. जा, सांग तिला भरपूर उजेड आहे म्हणून. मी भिंत.

— खिडकीशीच गेली.

हात केला पुढे. तळवा वर.

नाही, नाही बोलत. कबूल केलंय ना. माझ्याकडे नको बघूस, तू आपलं काम कर. वायरमन कधी येतो म्हणालीस? — हसतेय ती. नवऱ्याला हाक मारतेय. छत्री ठिबकतेय तिची, गालिचा भिजला —

अहो ताई. — थांब गं, एकच विचारतो. राहू दे तो दिवा. राहू दे म्हटलं ना. — अहो ताई, तुम्ही आत्ताच बाहेरून आलात ना? मी मघापासून आत बसलोय, म्हणून विचारतो.

बाहेर पाऊस थांबला का हो?